धावणाऱ्याला पदक, मोजणाऱ्याला विद्यावेतन

‘व्यायामाचा अभ्यास करायला दरमहा पैसे मिळतात, हे खरं का?’ एम.पी.एड. किंवा शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे पालक मला हमखास हा प्रश्न विचारतात. त्यांच्या आवाजातला अविश्वास मला समजतो. व्यायाम ही पहाटे उठून करायची गोष्ट, त्यावर पाच वर्षं संशोधन कसलं करायचं? आणि त्याला पैसे तरी कोण आणि कशासाठी देणार?

जिना चढताना धाप का लागते, लांब शर्यतीत पाय अचानक जड का होतात, भर उन्हात राबणाऱ्याचं शरीर स्वतःला थंड कसं ठेवतं, अशा प्रश्नांची उत्तरं शोधणारं शास्त्र म्हणजे व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र. खेळाडू हा त्याचा एक कोपरा झाला. सैनिक, मजूर, हृदयरोगी, म्हातारी माणसं हे सगळे त्यात येतात.

एक उदाहरण देतो. १९६६ साली अमेरिकेतल्या डल्लस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं गेलं. तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. पुढच्या दोन महिन्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने केलेल्या नुकसानापेक्षा कमी भरलं! हृदयविकाराच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याची पद्धत बदलण्यात अशा संशोधनाचा मोठा वाटा आहे. आज शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी परिचारिका रुग्णाला चालायला लावते, त्यामागे ही मोजमापं आहेत.

आता पैशांचं कारण लक्षात येईल. शरीर उत्तर देतं, पण सावकाश देतं. आधी नीतिविषयक समितीची परवानगी, मग स्वयंसेवक आणि त्यांची लेखी संमती. मोजमाप करायचं, आठ-दहा आठवडे व्यायाम करून घ्यायचा, पुन्हा मोजायचं. मध्येच कुणाची परीक्षा, कुणाला ताप. स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने पॅडल मारलं आणि सुईने मांडीच्या स्नायूचे नमुने काढले. दमलेल्या पायाने पुढच्या दिवसांत विश्रांत पायाच्या जवळपास दुप्पट साखरेचा साठा केला. लांब शर्यतीआधी भात-बटाटे भरपूर खाण्याच्या शास्त्राचा हा पाया. असं काम नोकरी सांभाळून रविवारी होत नाही. विद्यावेतन म्हणजे दानधर्म नव्हे. एका प्रश्नासाठी विकत घेतलेला वेळ आहे तो.

हा वेळ कोण विकत घेतं? डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जागेची जाहिरात निघते आणि अर्ज नोकरीसारखा करायचा. ब्रिटनमध्ये शुल्क आणि करमुक्त विद्यावेतन मिळतं. मात्र अनेक जागांवर फक्त स्थानिक विद्यार्थ्यांइतकंच शुल्क भरलं जातं आणि परदेशी विद्यार्थ्याला वरचा फरक खिशातून भरावा लागतो. जाहिरातीतली ती ओळ दोनदा वाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाच्या बदल्यात शुल्कमाफी आणि मानधन मिळतं.

आपल्याकडे मुख्य दरवाजा ‘नेट’ परीक्षेचा. शारीरिक शिक्षण हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटचा विषय आहे; जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सीएसआयआरची नेट आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार रुपये आणि त्यानंतर ४२ हजार. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या लक्ष्य गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. दिल्लीतली ‘डिपास’ ही संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा उंच, थंड प्रदेशातल्या जवानांच्या शरीरावर काम करते, तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था कामगारांच्या आरोग्यावर.

पण रकमेवर भुलू नका. चार गोष्टी विचाराच. पैसे किती वर्षं मिळणार आणि मार्गदर्शकाचा प्रकल्प त्याआधीच संपणार नाही ना? श्वासातले वायू मोजणारं यंत्र चालू आहे की कपाटात? स्वयंसेवक कुठून येणार? आणि तिथले आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? हे शेवटचं त्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. हप्ते अनेकदा रखडतात, तेव्हा चार-सहा महिन्यांची तजवीज घरी ठेवलेली बरी.

आणि प्रश्न निवडताना जरा आजूबाजूला पाहा. या शास्त्रातली बरीचशी मोजमापं युरोप-अमेरिकेतल्या तरुण पुरुषांची आहेत. स्त्रियांवरचा अभ्यास आजही तोकडा आहे. पहाटेपासून कोयता चालवून डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या हृदयावर किती ताण येतो, तिला किती पाणी आणि किती विश्रांती हवी, हे पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या धावपटूच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. ते फडावर जाऊन मोजावं लागेल. तुमच्या मुलीने हे मोजायचं ठरवलं, तर ‘यात नोकरी कुठली?’ असं विचारण्याआधी तिचा प्रश्न एकदा नीट ऐकून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)