केनियाला निघताना: खानदेशातले समज आणि वस्तुस्थिती

केनियातून विषुववृत्त जाते, म्हणजे तिथे जळगाव-भुसावळपेक्षा जास्त ऊन असणार, हा खानदेशातला पहिला गैरसमज. हवा कशी असेल हे उंचीवरही ठरते. राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे तोरणमाळपेक्षाही बरीच वर वसली आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हा नैरोबीत भरदुपारीही २५ अंशांच्या आसपासच तापमान असते. जुलैच्या पहाटे तर ते ११-१२ अंशांपर्यंत उतरते. त्यामुळे बॅगेत स्वेटर हवाच. उकाडा आणि घाम भेटतो तो मोंबासाच्या किनाऱ्यावर.

शाळांना सुट्टी लागली की एप्रिल-मेमध्ये सहल काढायची, ही आपली रीत. पण मार्च ते मे हा केनियातल्या मोठ्या पावसाचा काळ. मसाई माराच्या कुरणांत बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. तिथले इंजिनिअर तिला इंग्रजीत जे नाव देतात, त्याचा अर्थ ‘कापसाची काळी जमीन’ असाच आहे. चोपडा-शिरपूरच्या शेतकऱ्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. उन्हात तिला भेगा पडतात, पावसात ती चाकांना चिकटते आणि गाडी जागची हलत नाही. तंझानियाकडून येणारे विल्डबीस्टचे कळप माऱ्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात. वाघ मात्र कोणत्याच महिन्यात दिसणार नाही. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाहीच. सिंह, बिबट्या आणि चित्ता आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज पीतज्वराच्या लशीचा आहे. ‘केनियाने मागितली तर घेऊ’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या लशीचा दाखला परतताना भारताच्या विमानतळावर दाखवावा लागतो. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, गावोगावी आहे. बाहेरून एक रुग्ण आला तरी साथ पसरायला वेळ लागणार नाही, म्हणून हा नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. ‘दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते’ हा नियम आता जुना झाला. जुलै २०१६ पासून एकाच डोसचा दाखला आयुष्यभर चालतो. लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो आणि तो कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

हिवतापाचे उलट आहे: त्याची लोकांना भीतीच वाटत नाही. ‘आम्ही डासांतच वाढलो’ हे बोलणे तिथे कामाचे नाही. उंचीमुळे नैरोबीत धोका कमी असला, तरी किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात मेंदूपर्यंत जाऊ शकणारा फाल्सीपॅरम हिवताप आढळतो. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रवासाआधीच सुरू कराव्या लागतात. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाचे आवर्जून सांगावे.

शाकाहारी माणूस उपाशी राहील, ही धास्ती खोटी आहे. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे उगाली, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी आणि घेवड्याची उसळ, हे तिथले रोजचे जेवण. चपातीलाही तिथे चपातीच म्हणतात. घरची शेव आणि लाडू मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेऊ नयेत. ऑगस्ट २०१७ पासून केनियात अशा पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. डबे किंवा कापडी पिशव्या बऱ्या.

भाषा अगदीच परकी वाटेल, असेही नाही. दुकानाला स्वाहिलीत ‘डुका’, गाडीला ‘गारी’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. घोटाळा होतो तो घड्याळाचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘एक’. वेळ ठरवताना ती इंग्रजी घड्याळाची की स्वाहिलीतली, हे विचारून घ्यावे.

तिथली भारतीय वस्ती फक्त रेल्वेमजुरांची, हेही अर्धवट खरे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून निघालेल्या लोहमार्गावर सुमारे ३२ हजार भारतीय मजूर राबले आणि जवळपास अडीच हजार मेले. उरलेल्यांतले बहुतेक मायदेशी परतले; पुढची वस्ती वाढली ती मुख्यतः व्यापाऱ्यांमुळे. स्वतंत्र भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून १९४८ मध्ये नैरोबीत गेलेले अप्पासाहेब पंत औंधचे, म्हणजे मराठीच. २०१७ मध्ये केनियाने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

केळीच्या बागायतदाराला तिथली शिजवून खायची केळी पाहून एखादा कंद घरी न्यावासा वाटणे साहजिक आहे. पण आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा सरकारी दाखला नसताना रोप, कंद किंवा माती भारतात आणता येत नाही. २००१ मध्ये युगांडात दिसलेला केळीचा जिवाणूजन्य मर रोग पुढे पूर्व आफ्रिकेत पसरला. वरून निरोगी दिसणाऱ्या कंदातूनही तो रावेर-यावलच्या बागांपर्यंत पोहोचू शकतो.