आग दिसते, धूर निसटतो

गहू निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, ऊस कारखान्याला गेला, की मराठवाड्याच्या शिवारात इथून तिथून धूर उठू लागतो. कुणी पाचट पेटवतं, कुणी धसकटं. आता नकाशात परभणी शोधा. तिथून मानवत रोडकडे जाणारा रेल्वेमार्ग धरला की पेडगाव लागेल. एवढ्याशा गावातल्या शेतातली आग सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून दिसते, खरं वाटतं?

दिसते! 'सुओमी एनपीपी' हा उपग्रह २०११ साली अवकाशात गेला. दुपारी दीडच्या सुमाराला तो आपल्या डोक्यावरून जातो आणि रात्री पुन्हा येतो. त्याच्यावरचं 'व्हिअर्स' हे उपकरण ज्वाळा शोधत नाही, उष्णतेचे किरण मोजतं. चुलीवरचा तवा लाल झाला नसला तरी हाताला धग लागते ना, तेच हे किरण. उपकरण जमिनीचे ३७५ मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडतं. एक चौकोन म्हणजे जवळजवळ ३५ एकर! पण त्यातला लहानसा तुकडा जरी पेटला, तरी जळत्या पाचटातून ४ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण इतके निघतात, की अख्खा चौकोन उजळतो.

थांबा, एप्रिलच्या उन्हात काळी मातीही पायाला चटके देते. मग तीही आग ठरेल? नाही. संगणक ११ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरणही तपासतो. तापलेल्या मातीने दोन्ही आकडे वाढतात. आगीने मात्र पहिलाच आकडा जोरात उसळतो. शिवाय शेजारचे चौकोनही तसेच तापलेत का, हे बघितलं जातं. मला यातली ही युक्ती सगळ्यांत आवडते.

धुराचं काम याहून अवघड. तो वर चढता चढता निवतो, मग उष्णतेवरून कसा सापडणार? त्याचे कण सूर्यप्रकाश विखुरतात, ती मुख्य खूण. काळ्या मातीवर तो उठून दिसतो, ढग आले की हरवतो. एका शेताचा धूर तर वाऱ्यावर विरूनच जातो. पंजाब-हरियाणात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताचं काड जळतं, तेव्हा मात्र करड्या धुराचा पट्टा वरून स्पष्ट दिसतो. तो कुठे चाललाय हे बघायला आपला 'इन्सॅट-३डीआर' उपग्रह आहे, २०१६ साली सोडलेला. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून तो सतत भारताकडेच बघतो. त्याची चित्रं एकापाठोपाठ एक लावली, की धूर सरकताना दिसतो. धुराचे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल शिरतात, म्हणून कोणत्या गावांकडे धूर निघालाय ते कळायलाच हवं.

आणि दुपारी चारला पेटवलेलं पाचट रात्रीच्या आत विझून गार झालं तर? 'व्हिअर्स'च्या नकाशावर ठिपकाच उमटत नाही. तेव्हा 'सेंटिनेल-२' हा उपग्रह उपयोगी पडतो. त्याचे चौकोन फक्त १० मीटरचे. आधीच्या चित्रात पिवळं काड आणि नंतरच्या चित्रात काळा डाग दिसला, की आग लागून गेल्याचं कळतं. पण आपल्याकडची मातीच काळी. नांगरलेलं रान कुठलं आणि जळलेलं कुठलं, हे वेगळं काढायला तिथे शास्त्रज्ञांना डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचीच मदत घ्यावी लागते.