मर्जीच्या महालातल्या मुली

२ नोव्हेंबर १५४१. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आठवा हेन्री प्रार्थनेसाठी आला, तेव्हा त्याच्या आसनावर एक चिठ्ठी ठेवलेली होती. ठेवणारा होता आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर. जे राजाच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही, ते त्यानं कागदावर उतरवलं होतं. पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड हिची लग्नाआधीची प्रेमप्रकरणं त्या चिठ्ठीत होती. लग्नाला जेमतेम पंधरा महिने झाले होते. हेन्री पन्नाशीचा, राणीचं वय नेमकं किती, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. १३ फेब्रुवारी १५४२ रोजी लंडन टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला, तेव्हा ती सोळा ते वीस वर्षांच्या दरम्यान असावी, एवढंच म्हणता येतं.

ही बातमी क्रॅन्मरपर्यंत कुठल्या परदेशी वकिलानं किंवा हेरानं पोचवली नव्हती. ती आली होती मुलींच्या झोपायच्या दालनातून.

कॅथरिन वाढली ती नॉरफोकच्या वृद्ध डचेसच्या, म्हणजे सावत्र आजीच्या लँबेथच्या वाड्यात. बड्या घराण्यांतल्या मुलींना रीतभात शिकायला दुसऱ्या बड्या घरी ठेवायची तिकडे पद्धत होती. लँबेथच्या मोठ्या दालनात अशा मुली एकेका पलंगावर दोघी-दोघी निजत. कोण कोणाला चोरून भेटतं, हे तिथे झाकून राहणं शक्यच नव्हतं. त्या वाड्यात चाकरीला असलेल्या मेरी नावाच्या बाईनं पुढे ते आपल्या भावाला सांगितलं, भावानं क्रॅन्मरला.

त्या दालनातल्या दोघींची नावं कागदोपत्री ठळक उरली आहेत. जोन बुल्मरनं जुलै १५४० मध्ये, मैत्रिणीचं भाग्य उजळणार याचा सुगावा लागताच, यॉर्कहून कॅथरिनला पत्र लिहून आपल्यालाही जवळ बोलावण्याची विनवणी केली. ते पत्र आजही आहे. दुसरी कॅथरिन टिल्नी. ती राणीच्या तैनातीत होती आणि १५४१ च्या उत्तरेकडच्या शाही दौऱ्यातही बरोबर होती. लिंकन मुक्कामी राणी रात्री उशिरा जिना चढून आपल्या तैनातीतल्या लेडी रॉचफर्डच्या खोलीत गेली; आपण मात्र बाजूच्या एवढ्याशा जागेत बसून होतो, आत कोण आलं ते दिसलं नाही, अशी जबानी तिनं चौकशीत दिली.

कॅथरिन लाँगशोरची ‘गिल्ट’ ही २०१२ ची इंग्रजी कादंबरी नेमकी त्या एवढ्याशा जागेत शिरते. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या कादंबरीची निवेदक राणी नाही, टिल्नी आहे. शेवट तर वाचक पहिल्या पानापासून जाणतोच: राणी मरणार. मग उत्कंठा कशाची? टिल्नीला काय काय ठाऊक होतं आणि ती कधी बोलणार, याची. लाडक्या मैत्रिणीनं सांगितलेली गुपितं सांभाळायची की स्वतःची मान, हा पेच इतिहासानं आयताच मांडून ठेवला होता. टिल्नीला दोषी ठरवलं गेलं ते राजद्रोहाची माहिती दडवल्याबद्दल. पुढे तिला माफी मिळाली.

‘यंग अॅडल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कादंबऱ्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आजच्या कॉलेजातल्या मुलींना झालरीचे झगे चढवले आणि त्याला इतिहास म्हटलं, असा. काही पुस्तकांबाबत तो खराही आहे. पण ट्यूडर दरबारात तरुण मुलं लेखकांनी आणून बसवलेली नाहीत. ती तिथे होतीच. पुढे हेन्रीची दुसरी राणी झालेली अॅन बोलीन १५१३ मध्ये नेदरलँड्सच्या राजप्रतिनिधी मार्गारेटच्या दरबारी गेली, तेव्हा ती बहुधा बारा-तेरा वर्षांची होती. तिथून वडिलांना तिनं चुकांनी भरलेल्या फ्रेंचमध्ये लिहिलेलं पत्र टिकून आहे. हेन्रीच्या अनौरस मुलाचं, हेन्री फिट्झरॉयचं, मेरी हॉवर्डशी लग्न लागलं तेव्हा दोघंही चौदा वर्षांची. सतराव्या वर्षी तो गेला. हेन्रीचा वारस सहावा एडवर्ड नवव्या वर्षी गादीवर आला. नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा १५५४ मध्ये शिरच्छेद झाला, तेव्हा तीही सोळा-सतराचीच होती.

दरबारात मुलगी लावायची म्हणजे काय दिव्य होतं, हे लाइल घराण्याच्या पत्रव्यवहारात तपशिलानं दिसतं. १५३७ मध्ये तिसरी राणी जेन सेमूर गरोदर होती आणि तिला लाव्यांच्या मांसाचे डोहाळे लागले होते. कॅलेच्या सुभेदाराची बायको लेडी लाइल हिनं तिकडून समुद्रापलीकडे लावे पाठवण्याचा सपाटा लावला. मोबदल्यात राणीनं तिच्या दोन मुलींना बोलावून घेतलं: दोघींना बघते, एक ठेवते. निवड झाली सोळा वर्षांच्या अॅन बॅसेटची. पण डोक्यावरचं फ्रेंच धाटणीचं शिरोभूषण चालेना. राणीला आवडणारी टोकदार इंग्रजी टोपी करून घ्यावी लागली. एवढा खटाटोप झाला आणि ऑक्टोबरात राजपुत्राला जन्म देऊन बाराच दिवसांत राणी वारली. अॅनची जागा राणीबरोबरच गेली.

दरबारात नाणं चालत होतं ते मर्जीचं. मर्जी राजाच्या किती जवळ जाता येतं यावर मोजली जाई. बाहेरचा दिवाणखाना, मग मुलाखतीचं दालन, मग खासगी दालन. आतल्या दाराआड कोणाला सोडायचं, तिथे किती माणसं असावीत, हे कार्डिनल वुल्झीनं १५२६ मध्ये एल्टमच्या नियमावलीत लिहून ठेवलं होतं. कथालेखकाला आणखी काय हवं? प्रत्येक दार म्हणजे एक प्रकरण.

तरुण वाचकांना घेऊन या दारांतून पहिल्यांदा गाजावाजा करत शिरला तो मार्क ट्वेन. ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ १८८१ मध्ये आली. सर्व वयांच्या मुलांसाठी, असं उपशीर्षकातच म्हणत ट्वेननं ती आपल्या दोन मुलींना अर्पण केली. राजपुत्र एडवर्ड आणि त्याच्याच तोंडवळ्याचा भिकारी टॉम कपडे बदलतात. महालात अडकलेला टॉम राज्याच्या मोठ्या शिक्क्यानं अक्रोड फोडत बसतो. दरबारातली प्रतिष्ठेची वस्तू मुलाच्या हाती पडली की तिचं काय होतं, हे त्या एका प्रसंगात कळतं. याच कादंबरीत राजपुत्राच्या चुकांसाठी फटके खाणारा पगारी मुलगाही आहे. अशी प्रथा खरोखर कितपत होती याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. पण सिड फ्लाइशमननं त्यावर ‘द व्हिपिंग बॉय’ लिहिली आणि १९८७ चं न्यूबेरी पदक मिळवलं.

या प्रकाराला खरी भरती आली ती १९९९ पासून. कॅरोलिन मेयरनं ‘मेरी, ब्लडी मेरी’पासून तरुण राजकन्यांची मालिका सुरू केली. जिला इतिहास क्रूर राणी म्हणून ओळखतो, तीच सतराव्या वर्षी राजकन्येचा किताब गमावून तान्ह्या सावत्र बहिणीच्या घरी राहायला धाडली गेली होती, हे मेयर दाखवते. त्याच वर्षी स्कोलॅस्टिकची ‘रॉयल डायरीज’ मालिका आली: एलिझाबेथ, क्लिओपात्रा, मारी आंत्वानेत यांच्या काल्पनिक रोजनिश्या. शेवटी वंशावळ, चित्रं आणि ऐतिहासिक टिपणं. खरं किती आणि रचलेलं किती याचा हिशेब पुस्तकातच देण्याची ही सवय या प्रकारातली फार चांगली गोष्ट आहे.

मालिकेत शाहजहानची मुलगी जहाँआराही आहे. कॅथरिन लास्कीचं ते पुस्तक २००२ चं, आणि कथेचं साल १६२७. त्याच वर्षाअखेरीस जहांगीर मेल्याची खबर शाहजहानला मिळाली तेव्हा तो कुठे होता? आपल्या जुन्नरला. तिथूनच तो तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. चार वर्षांनी बुऱ्हाणपूरला मुमताज वारली आणि सतरा वर्षांच्या जहाँआराच्या हाती मुघल जनानखान्याचा कारभार आला.

काल्पनिक रोजनिशी कशाला हवी, असं वाटत असेल तर एडवर्डची खरी रोजनिशी बघावी. ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. जानेवारी १५५२ मध्ये त्याच्या सख्ख्या मामाचा, सॉमरसेटच्या ड्यूकचा, शिरच्छेद झाला. चौदा वर्षांच्या भाच्यानं नोंदली ती जागा आणि सकाळची वेळ. दुःख नाही, सुटकेचा निःश्वास नाही, पुढे काही नाही. त्या कोऱ्या जागेत कादंबरीकाराचं काम सुरू होतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, आणि त्यांना वाचवताना चापाजी टिळेकर हा सेवक प्राणाला मुकला. माधवरावांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. ती मोठ्यांसाठी असली तरी कित्येकांनी शाळकरी वयातच वाचली. तिथे कथा पेशव्यांकडून दिसते. एखाद्या खिजमतगार पोराच्या किंवा कुणबिणीच्या नजरेनं तोच वाडा दाखवायचा तर भाषेपासून अडचण येईल. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याकडे सगळेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ बोलू लागतात. मुदपाकखान्यातली पोरगी तशी बोलत नसणार.

लाँगशोरनं तिसऱ्या ट्यूडर कादंबरीत, २०१४ च्या ‘ब्रेझन’मध्ये, ही अडचण नसलेली जागा शोधली. तिची नायिका म्हणजे चौदाव्या वर्षी लग्न झालेली तीच मेरी हॉवर्ड. मेरी आणि तिच्या मैत्रिणींमध्ये एक वही फिरत असे. आज तिला डेव्हनशर हस्तलिखित म्हणतात. तीत कविता उतरवलेल्या आहेत, कोडी आहेत, एकमेकींना दिलेले टोमणे आहेत. एका पानावर, कवितेच्या बाजूला एकीनं लिहिलंय की ही विसरून जा. त्याखाली वेगळ्या अक्षरात दुसरीचा शेरा: ही चांगली आहे.