बॅटरीला दोष देण्याआधी

पहाटे मंडईत भाजीचा टेम्पो रिकामा होतो, चालक किल्ली फिरवतो आणि जुनी गाडी नुसतीच 'टक' करते. मग हमालांनी धक्का मारायचा आणि दुपारी नवी बॅटरी आणायची! मीही हा खर्च केला आहे. आठवड्याने गाडी पुन्हा तिथेच अडली. चोर सोडून संन्याशाला सुळी!

बॅटरी ही टाकी. ती भरणारा अल्टरनेटर. त्याला इंजिन पट्ट्याने फिरवते. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की बहुधा विजेवाचून चालते. म्हणून चार्जिंग थांबल्याचे वाटेत कळत नाही.

इंजिन बंद करून पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबा. तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. सैल, तेलकट किंवा गुळगुळीत चकाकणारा पट्टा घसरतो, सुरू करताना किंचाळतो. मग मीटर लावा. 12 व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना 12.6च्या आसपास, चालू असताना 14च्या आसपास आकडा हवा. तो वाढलाच नाही, तर आधी पट्टा, मग वायरींची टोके, शेवटी अल्टरनेटर तपासा. 15च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला समजा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र काढू नका. ही डायनामोच्या काळातली सवय; तिने अल्टरनेटरचे डायोड जळतात.

अनेक गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो घाटात तुटला, तर इंजिनच तापून बसते. म्हणून माल भरण्याआधी बॉनेट उघडा, अंगठा लावा.