फसली सन, इसवी सन आणि परभणी जिल्ह्यांतील जिनांची हजेरी

परभणी जिल्ह्यांत जुन्या लेखांच्या शोधार्थ येणारे गृहस्थ चारठाण्याचीं देवळें पाहतात, गंगाखेडास गोदातीरीं जातात, जुन्या वाड्यांतून पोथ्यांचीं बाडें सोडवून घेतात. परंतु सेलू, मानवत, परभणी या कापसाच्या बाजारांतील जुन्या जिनांच्या आवारांत शिरलेला संशोधक आमच्या पाहण्यांत नाहीं. जिन म्हणजे कापसांतील सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना. त्याच्याच शेजारीं बहुधा रुईच्या गांठी बांधण्याचा प्रेस असे. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक जिन मोडला. यंत्रें भंगारांत गेलीं व दप्तर रद्दीच्या भावानें गेलें. आम्हांस वर्दी लागेपर्यंत बहुतेक वह्या गेल्या होत्या. चार तेवढ्या हातीं आल्या. पैकीं एक मजुरांची हजेरीवही आहे. तिचें वाचन करतांना आमच्या हातून जी चूक घडली व त्या चुकीवरून जें ध्यानांत आलें, तें येथें मांडण्याचा विचार आहे.

देशांतील कारखान्यांत दरवर्षीं माल किती निघाला व माणसें किती लागलीं याचे आंकडे सरकार प्रसिद्ध करितें. पोथ्या जमविणाऱ्यांस हा विषय परका वाटेल. परंतु पाहूं गेल्यास हे आंकडे म्हणजे नकलेची नक्कल होय. मूळ प्रत ती हजेरीवही. तिच्यावरून कारखानदाराचें वार्षिक पत्रक, पत्रकावरून जिल्ह्याची बेरीज, बेरजेवरून राज्याची व देशाची. नक्कल करणाऱ्याच्या हातून पाठभेद जसे शिरतात तसेच येथेंही शिरतात, आणि त्यांतील पहिला पाठभेद वर्षाचा आहे.

कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास घरीं येऊं लागतो. जिन कार्तिकांत पेटतो व फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो. पुढें पुनः दिवाळी येईपर्यंत आवारांत राखणदाराखेरीज कोणी नसतें. अशा धंद्याचा वार्षिक आंकडा घ्यावयाचा तर वर्ष कोणत्या दिवशीं संपतें हें प्रथम ठरविलें पाहिजे.

हैद्राबाद संस्थानचा कारभार फसली सनानें चाले. हा फसली व आपल्या पेशवाई कागदांतील फसली एकाच दिवशीं बदलत नाहींत. पेशवाईंतला मृगाबरोबर बदलतो. निजामी राज्याच्या उत्तरकालीन कागदांतला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत, आजर महिन्याच्या आरंभीं बदलतो व आबान महिन्यानें संपतो. म्हणून या दुसऱ्या फसलीचा इसवी सन काढतांना ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेर ५९० व जानेवारीपासून सप्टेंबरअखेर ५९१ मिळवावे. ताळा पाहावयाचा असल्यास हैद्राबादचा जहागिरी नाहींशा करणारा कायदा घ्यावा. तो १३५८ फसलीचा म्हणून ओळखला जातो व आला १९४९ च्या ऑगस्टांत. १३५८ त ५९१ मिळविले म्हणजे १९४९ बरोबर येतात. दोन फसलींत अंतर पडतें तें मृगापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत. त्या चार महिन्यांतील कागदावर सन एकच लिहिला असला तरी पेशवाई रीतीनें व निजामी रीतीनें काढलेल्या इसवी सनांत एका वर्षाचा फरक येतो.

आमची चूक येथेंच झाली. वहींत भाद्रपद शुद्धांत, सन १३४० फसली, मजुरांस दिलेल्या उचलीच्या नोंदी आहेत व त्या अगदीं थोड्या आहेत. जन्मभर मोडी कागद वाचण्याच्या संवयीनें आम्हीं मृगाचा फसली धरला व तो भाद्रपद १९३० चा मानला. मग कोडें पडलें कीं, उचल इतकी थोडी दिली असतां पुढल्याच हंगामांत हजेरीचीं पानें भरगच्च कशीं? कोडें बरेच दिवस डोक्यांत राहिलें. एका व्याख्यानांत तर त्यावर आम्हीं एक तर्कही बसविला, तो आतां आठवला कीं संकोच वाटतो. वही संस्थानी रिवाजाची होती. भाद्रपद १९३१ चा होता. ती उचल भरगच्च हंगामाच्या आधींची नव्हे, नंतरची. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले होते, मालकानें हात आंखडला होता, आणि पुढील १३४१ च्या हंगामाचीं पानें खरोखरीच विरळ आहेत. सन एका वर्षानें सरकला आणि कारणाचें कार्य व कार्याचें कारण होऊन बसलें.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. ऑक्टोबरांत सुरू होणारा फसली सन जिनाचा सबंध हंगाम आपल्या पोटांत घेतो. व्यापाऱ्यांच्या खतावण्या दिवाळीच्या पाडव्यास उघडत, त्यांतही हंगाम अखंड राहतो. इंग्रजी वर्ष मात्र हंगामाच्या बरोबर मध्यावर संपतें. संस्थान विलीन झाल्यावर कारखान्यांचीं पत्रकें भारताच्या कायद्याप्रमाणें जानेवारी ते डिसेंबर अशीं होऊं लागलीं. याचा परिणाम काय होतो तें केवळ समजुतीकरितां घेतलेल्या एका उदाहरणानें पाहावें. समजा, लागोपाठ तीन हंगामांत एका जिनांत मजुरांच्या हजेऱ्या अनुक्रमें १०,०००, ४,००० व १०,००० भरल्या; मधला हंगाम दुष्काळाचा. प्रत्येक हंगामाचें निम्में काम डिसेंबरअखेर व निम्में त्यानंतर होतें असें धरूं. फसली सनाप्रमाणें आंकडे १०,०००, ४,००० व १०,००० असेच पडतील. इसवी सनाप्रमाणें पहिल्या हंगामाचे उरलेले ५,००० व दुसऱ्याचे पहिले २,००० मिळून ७,०००. पुढील वर्षीं दुसऱ्याचे उरलेले २,००० व तिसऱ्याचे पहिले ५,००० मिळून पुनः ७,०००. दुष्काळ कोठें गेला? बेरजेंत तिळमात्र चूक नाहीं, तरी ज्या वर्षीं शेंकडा साठ हजेऱ्या बुडाल्या तें वर्ष कागदावरून पार नाहींसें झालें. उलट वाचणारा म्हणेल कीं त्या गांवीं रोजगार मोठा स्थिर होता.

त्यावर निर्देशांकाचा संस्कार होतो. निर्देशांक म्हणजे आपलें त्रैराशिकच. आधारवर्षाचें उत्पादन प्रमाण, त्याचें फळ १००, आणि चालू वर्षाचें उत्पादन ही इच्छा. पुढें इच्छाफळ काढावयाचें. लीलावती शिकलेल्या मुलास यांत अवघड कांहीं नाहीं. अवघड तें हें कीं प्रमाण वारंवार बदलतें. भारताच्या औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकास १९३७, १९४६, १९५१, १९५६, १९६०, १९७०, १९८०-८१, १९९३-९४, २००४-०५ व २०११-१२ अशीं आधारवर्षें होत आलीं, आणि प्रत्येक वेळीं कोणत्या धंद्यास किती भार द्यावा हेंही नव्यानें ठरलें. एका मालिकेंतील १२० व दुसरींतील १२० हे एक नव्हेत; दोन राजांच्या राज्यवर्षांची बेरीज करण्यासारखें तें होईल.

आतां माणसांकडे वळूं. कारखान्यांतील माणसांची सरासरी काढतांना एकंदर हजेऱ्यांस कारखाना चालला त्या दिवसांनीं भागतात. ६० माणसें १५० दिवस आलीं तर ९,००० हजेऱ्या. त्यांस १५० नीं भागिलें कीं ६०. शेजारच्या गिरणींत ६० माणसें ३०० दिवस आलीं तरी उत्तर ६० च. पत्रकांत दोन्ही ६० शेजारीं शेजारीं बसतात व बेरीज १२० होते. एका ठिकाणीं वर्षाची भाकरी आहे, दुसरीकडे पांच महिन्यांची, हें त्या बेरजेस कळत नाहीं. जिनांत यंत्रावर कापूस टाकण्याचें काम बहुतांशीं बायका करीत. आमच्या वहींत त्यांचीं नांवें नवऱ्याच्या किंवा लेकाच्या नांवास जोडून आहेत. पुष्कळ नांवें चैत्रांत थांबतात आणि कार्तिकांत पुनः उगवतात. मधल्या काळांत त्या कोठें होत्या, हें कोणत्याच पत्रकानें विचारिलेलें नाहीं.

शिवाय कारखाना कशास म्हणावें? ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८८१ चा पहिला कायदा यंत्रशक्तीच्या व १०० किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता होता, आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने त्यांतून वगळले होते. १८९१ सालीं १०० चे ५० झाले. चार महिन्यांच्या आंतले हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेंत आले ते १९११ च्या कायद्यानें, आणि १९२२ सालीं मर्यादा २० वर उतरली. १९३४ च्या कायद्यानें १८० दिवसांपर्यंत चालणाऱ्या कारखान्यांचा हंगामी म्हणून वेगळा वर्ग केला व तेथें आठवड्यास ५४ ऐवजीं ६० तास काम घेण्याची मुभा ठेविली. १९४८ च्या कायद्यानें तो भेद मोडला आणि यंत्रशक्ति असल्यास १०, नसल्यास २० अशी मर्यादा घातली. २०२० सालीं संमत झालेल्या श्रमसंहितेंत त्याच मर्यादा २० व ४० केल्या आहेत. व्याख्या रुंदावली कीं गांवांत एकही नवें चाक न फिरतां कारखाने वाढतात. आंवळली कीं एकही चाक न थांबतां घटतात. आणि या सर्व व्याख्यांच्या बाहेर घरचा रेचा राहिला. १९०० सालीं सिकंदराबादेहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद यांवरून मनमाडास जाणारी रेल्वे पुरी झाली, यंत्राचे जिन वाढले, आणि घरोघर हातानें सरकी काढून चार पैसे मिळविणाऱ्या बायांचें काम गेलें. जिनांत लागलेल्या बाईचें नांव वहींत चढलें. घरीं बसलेलीचें कोठें चढावें? म्हणून त्या काळीं रोजगार वाढला असें केवळ पत्रकावरून म्हणणाऱ्यास आम्ही थांबवूं इच्छितों.

मजुरीच्या रकमांविषयीं एक सूचना पुरे. संस्थानांत हाली शिक्का चाले व ब्रिटिश रुपयास कलदार म्हणत; सुमारें ७ हाली म्हणजे ६ कलदार. वहींत ७ आणे मजुरी असून पुढील काळच्या पत्रकांत ६ आणे दिसली तर मजुरी उतरली असें समजूं नये. गांठीचेंही तसेंच. जुनी गांठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७७ किलोंहून कांहीं अधिक. आजची १७० किलोंची. रुई तितकीच असून गांठी शेंकडा चारांहून अधिक वाढतात.

जिल्हाही तोच राहिलेला नाहीं. १ मे १९८१ रोजीं परतूर जालन्याकडे गेलें व १ मे १९९९ रोजीं हिंगोली वेगळा जिल्हा झाला. हिंगोलीचा कापूसबाजार जुना व नामांकित. तो वजा झालेल्या परभणीची तुलना मागल्या परभणीशीं करणें व्यर्थ होय.

१९४२ च्या कायद्यान्वयें कारखान्यांची पहिली देशव्यापी म्हणविणारी मोजणी १९४६ सालची आहे. तींत ६३ धंद्यांपैकीं २९ च घेतले. सूत-कापडाच्या गिरण्या त्यांत होत्या, सरकी काढण्याचे कारखाने नव्हते. मुंबईची गिरणी दिसे, तिला रुई पुरविणारा जिन दिसत नसे. १९५९ पासून वार्षिक उद्योग पाहणी सुरू झाली व जिन मोजणींत आले. पुढें त्यांचें घर बदललें. १९८७ च्या राष्ट्रीय वर्गीकरणांत सरकी काढण्याचें काम कापडधंद्यांत होतें. २००८ च्या वर्गीकरणांत तें शेतीच्या सहाय्यक कामांत बसविलें आहे. उद्योग पाहणी त्यास अजून मोजते हें खरें, तथापि कारखानदारीच्या कोष्टकांतच शोधणाऱ्यास तें तेथें सांपडणार नाहीं. आणखी एक मेख अशी कीं, जिनवाला स्वतः कापूस घेऊन रुई विकतो तेव्हां रुईची सबंध किंमत त्याचें उत्पादन ठरते. परक्याचा कापूस मजुरीनें काढून देतो तेव्हां मजुरीच तेवढी उत्पादनांत धरतात. महाराष्ट्रांत १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी आली आणि जिन सरकारी खरेदीचा माल मजुरीनें काढूं लागले. त्या वर्षांतील रुपयांचा आंकडा खालीं आला म्हणून यंत्र थांबलें असें होत नाहीं. तशांत १९७२ चा दुष्काळही त्याच वेळचा. दोन कारणें एकाच आंकड्यांत गुंतलेलीं आहेत व गांठींची संख्या पाहिल्याविना तीं सुटणार नाहींत.

उत्पादन व रोजगार बरोबरीनें चालतात ही समजूतही जिनांनीं खोटी पाडली आहे. २००० सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेखालीं जिन व प्रेस नव्या धर्तीचे झाले. कापूस वाऱ्याच्या नळानें यंत्रापर्यंत जाऊं लागला आणि टोपली वाहणारे हात कमी लागूं लागले. देशाच्या एकंदरींत मात्र कारखान्यांतील माणसें २०२२-२३ सालीं सुमारें १ कोटी ८५ लक्ष होतीं, तीं २०२३-२४ सालीं सुमारें १ कोटी ९६ लक्ष झालीं. शेंकडा सहाच्या आसपास वाढ झाली, आणि ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्या कोटींत पांच महिन्यांचीं माणसें किती, एवढेंच विचारावयाचें आहे.

जुन्या काळापुरतें तरी याचें उत्तर हजेरीवह्यांतून निघूं शकेल. त्या मोडींत, उर्दूंत किंवा महाजनी अक्षरांत असतात, दिसण्यांत भिकार असतात, आणि वारस त्या आनंदानें देऊन टाकतात. ज्यांच्या संग्रहीं सेलू, मानवत, परभणी, हिंगोली किंवा वसमत येथील जिनांचे रोजमेळ, खतावण्या वा हजेऱ्या असतील त्यांनीं वहीचें पहिलें पान, त्यावरील सन, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या नोंदी असल्यास त्यांतील एखादी वार व तिथीसह उतरून मंडळाकडे पाठवावी. वार असला म्हणजे फसली कोणता तें पंचांगावरून निश्चित करतां येतें. आमच्या चार वह्यांपैकीं तिहींचें वाचन झालें आहे. चौथी पाण्यानें चिकटलेली असून तिचीं पानें सुटीं करण्याचें काम चालू आहे.