शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू

कोयता, विळा, खुरपें आणि कुऱ्हाड या हत्यारांविषयीं आमच्या शेतकरी बंधूंस कोणीं कांहीं शिकवावें अशी स्थिति नाहीं. कोयता हातांत घेतांच त्याचा तोल सांगणारे लोक आपल्याकडे गांवोगांवीं आहेत. परंतु खिशांत बाळगावयाच्या लहान, मिटत्या चाकूची गोष्ट निराळी. तो बहुधा जत्रेंत किंवा आठवड्याच्या बाजारीं, मुठीचा रंग पाहून घेतला जातो; आणि पुढें तो बिजागरींत लुळा झाला किंवा बोटावर मिटला, म्हणजे दोष नशिबास दिला जातो. म्हणून या हत्याराच्या निवडीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुतळी तोडणें, खताच्या पोत्याची शिवण उसवणें, ठिबकची नळी कापणें, पोंगा मेलेला कोंब चिरून आंत खोडकिडा आहे कीं काय तें पाहणें, हीं या चाकूचीं रोजचीं कामें. तीं कोणत्याही धारेच्या वस्तूनें भागतात. पण ज्या प्रसंगासाठीं चाकू खिशांतच असावा असें आम्ही म्हणतों, तो वर्षांतून एखादे वेळींच येतो. रात्रीं गोठ्यांत वासराच्या मानेभोंवतीं दाव्याचा पीळ बसतो, जनावर ओढ घेतें, आणि प्रत्येक ओढीबरोबर फांस आवळत जातो. गांठ सुटण्याइतकी सैल राहत नाहीं. माणसाचा एक हात जनावराचें डोकें धरण्यांत गुंतलेला असतो. अशा वेळीं विळा आणण्यास घरांत धांवणें म्हणजे वासरूं गमावणें होय. आणि विळा हाताशीं असलाच, तरी त्याचें वांकडें टोंक तडफडणाऱ्या जनावराच्या मानेशीं नेणें धोक्याचें.

चाकूची परीक्षा आम्ही याच प्रसंगावरून करूं इच्छितों. पहिली गोष्ट, पातें एका हातानें उघडलें पाहिजे. नखानें ओढून काढावयाचें पातें ओल्या किंवा शेणानें भरलेल्या बोटांस दाद देत नाहीं. पात्याच्या पाठीशीं अंगठ्यासाठीं खुंटी किंवा भोंक असलेले चाकू आतां सर्रास मिळतात, ते पाहावे. दुसरी गोष्ट पात्याच्या घाटाची. लांबी अडीच ते तीन इंच पुरे. टोंक सुईसारखें नसावें. धार सरळ, आणि पाठ पुढें उतरत येऊन टोंक बोथट झालेलें, असें पातें दोर व कातडें यांच्यामधून निर्धास्त सरकवितां येतें. जहाजावरील खलाशी दोरखंडासाठीं याच घाटाचें पातें पूर्वीपासून पसंत करीत आले आहेत. डोळे भरण्याच्या कामास मात्र हा चाकू लावूं नये. त्यासाठीं एकाच बाजूनें धार दिलेला चाकू निराळा असतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जड चाकूनें बंडीचा खिसा लोंबतो, मग तो खुंटीवर राहूं लागतो, आणि खुंटीवरचा चाकू गोठ्यांत उपयोगीं पडत नाहीं. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं खेडुतांसाठीं लांकडी मुठीचा एक साधा चाकू काढिला. त्यांतील आठ नंबरच्या चाकूचें पातें साडेआठ सेंटिमीटर असून सबंध वजन सुमारें ४५ ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांच्या आंतच भरतें. इतका हलकेपणा साधतो हें दाखविण्यास हें उदाहरण पुरेसें आहे. पण तो चाकू उघडण्यास दोन हात लागतात, म्हणून शेतावर भाकरीबरोबर कांदा चिरण्यास तो जितका चांगला, तितका वरील प्रसंगीं नाहीं. पांच-सहा तोळ्यांपर्यंतचा चाकू कोणासही जड होणार नाहीं.

पातें उघडल्यावर तें अडकवून धरणारी कळ असलीच पाहिजे. जुन्या धर्तीच्या चाकूंत पाठीची स्प्रिंग नुसता दाब देते, अडवीत नाहीं. टोंकानें भोंक पाडूं गेल्यास पातें उलटून बोटांवर येतें. वर सांगितलेल्या फ्रेंच चाकूसही फिरत्या कड्याची कळ १९५५ सालींच मिळाली. दुकानांत चाकू उघडून पातें चिमटींत धरावें व दोन्ही बाजूंस हलवून पाहावें. खडखड जाणवली तर परत ठेवावा. मग बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून पात्याची पाठ लांकडी फळीवर दोन वेळां हळूच ठोकावी. कळ सुटली तर तो चाकू फुकट मिळाला तरी नको. दुकानदार कुरकुरेल, त्यास कुरकुरूं द्यावें. गांवचा लोहार उत्तम कोयता घडवितो, परंतु बिजागरी आणि कळ हें बारीक मापाचें काम आहे. तेल-इंजिनांचे भाग घडविणाऱ्या आमच्या उद्यमनगरांतील एखाद्या कारखानदारानें तें मनावर घ्यावें असें आम्हांस फार वाटतें.

पोलादाविषयीं मतभेद आहेत. साध्या पोलादास पाणी चांगलें चढतें व धार घरच्या दगडावर लवकर लागते. पण तें गंजतें, आणि चिंच-लिंबाच्या रसानें काळें पडतें. न गंजणारें पोलाद इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं सुमारें १३ टक्के क्रोमियम घालून तयार केलें. त्याच्या हलक्या जाती मऊ असून धार धरीत नाहींत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पावसाळी तालुक्यांतील बंधूंनीं न गंजणारें घ्यावें. शिरोळकडील कोरड्या हवेंत साधें पोलाद सुखानें टिकेल. लांकडी मूठ पावसांत फुगून पातें आवळते, हेंही ध्यानांत असावें. बिजागरीस शिवणयंत्राचें तेल एक थेंब द्यावें. करडईचें तेल वाळून चिकट होतें आणि खोबरेल थंडींत थिजतें.

धारेसाठीं कोरड्या चाकावर पातें धरूं देऊं नये. ठिणग्या दिसावयास छान. पण कडेवर निळी झांक आली कीं तेवढ्या भागाचें पाणी उतरलें म्हणून समजावें. ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनीं सुमारें वीस अंशांच्या कोनांत पातें फिरविणें हाच खरा मार्ग.

उंसाचें बियाणें तोडण्यास हा चाकू वापरूं नये, असें आमचें निक्षून सांगणें आहे. खोडव्याची वाढ खुंटविणारा जो रोग ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत १९४४-४५ च्या सुमारास प्रथम ध्यानांत आला, तो रोगट उंसाच्या रसानें माखलेल्या हत्यारांतून निरोगी उंसांत जातो. पुढील वर्षीं उतारा घटतो आणि शेतकरी खतास दोष देतो, कारण या रोगाचें बाहेरून ठळक लक्षण दिसत नाहीं. कोयत्याचें उघडें पातें जंतुनाशकांत बुडवून स्वच्छ करितां येतें. मिटत्या चाकूच्या बिजागरींत मात्र रस दडून राहतो. खोडकिड्यासाठीं कोंब चिरल्यावरही चाकू उघडा ठेवून साबणानें धुवावा व वाळल्याखेरीज मिटूं नये. पातें आंचेवर धरून शुद्ध करण्याची कोणास संवय असल्यास ती सोडावी. त्यानेंही पाणी उतरतें.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनीं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणिले असून घरगुती व शेतीच्या कामासाठीं बनविलेल्यांस त्यांतून वगळिलें आहे. आमचा तीन इंची चाकू या मर्यादेच्या पुष्कळ आंत बसतो. रामपुरी घाटाच्या लांब चाकूशीं शेतकऱ्यास कर्तव्य नाहीं. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वयें मनाई हुकूम निघतो, तेव्हां त्यांत चाकूचाही समावेश होऊं शकतो. अशा दिवसांत मोर्चास, सभेस किंवा यात्रेस जातांना चाकू घरींच ठेवावा, आणि परत आल्यावर गोठ्यांत शिरण्यापूर्वीं पुन्हां खिशांत घालावा.