चाकाचे नट आवळले का?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टरचे ऑइल बदलतो, फिल्टर बघतो, ग्रीस भरतो. चाकाच्या नटांकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. या चुकीत आम्हीही आहोत, म्हणून हे चार शब्द.

मागच्या हंगामात लागणीचा प्लॉट पाहायला आम्ही एका सभासदांच्या रानात गेलो होतो. बांधावर ट्रॅक्टर उभा होता. मागच्या चाकाच्या दोन नटांखालून तांबूस गंजाचे ओघळ आलेले आम्हाला दिसले. सांगायचे मनात होते, पण बोलणे बेण्यावर गेले आणि ते राहून गेले. चौथ्या दिवशी भरलेली ट्रॉली ओढताना कालव्याच्या पुलाजवळ ते चाक निखळले. ड्रायव्हर पोराचा पाय मोडला. जीव वाचला, पण त्याचा सगळा हंगाम खाटेवर गेला.

चौकशी केली तेव्हा कळले, की भरणीच्या वेळी सरीत चालावा म्हणून चाकांची रुंदी बदलली होती. त्यानंतर नटांना कोणी पाना लावलाच नव्हता.

चाक घट्ट राहते ते नटाच्या दाबामुळे. बसवताना मध्ये राहिलेली माती, गंज, रंग कामात दबतो आणि आवळ कमी होतो. मग चाक हलू लागते, भोक लांबट होते, बोल्ट झिजून तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर येतो. म्हणून एवढे करावे:

१. चाक बसवण्यापूर्वी हब व डिस्क पुसून घ्यावी. नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे आवळावेत. शेवटचा आवळ जॅक सोडून चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा.

२. पंक्चर काढल्यावर किंवा रुंदी बदलल्यावर तासाभराच्या कामानंतर पाना लावावा, त्याच संध्याकाळी पुन्हा लावावा. पुढे दर आठवड्याला.

३. मागच्या चाकाला नट दोन ठिकाणी असतात : हबला आणि डिस्क-रिमच्या जोडाला. दोन्हीकडे पाहावे. ट्रॉलीची चाकेही विसरू नयेत.

४. पान्याला पाइप घालून वर उभे राहू नये. बोल्ट ताणला जातो. किती आवळायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. मिस्त्रीकडून टॉर्क पान्याने तेवढे करून घ्यावे.

५. भोक लांबट झाले किंवा आटे गेले, तर नुसते आवळून भागत नाही. तो भाग बदलावाच.

हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. आता आम्ही रानात आलो की उसाआधी ट्रॅक्टरच्या चाकाशी वाकतो. कोणी राग मानू नये. एकदा गप्प बसलो, ते पुरे झाले.

— ऊस विकास अधिकारी